खिडकीला शिवलेली गोधडी

मला शिवता येतं, असा अठराव्या वर्षी माझा ठाम समज होता. तो कशावर उभा होता म्हणाल, तर एका पोलक्यावर. त्या पोलक्याची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झाली होती आणि ते अंगात घातलं की मी एका खांद्याने कुणाला तरी सलाम ठोकते आहे असं दिसायचं. तरी लग्न ठरताना आमच्या वडिलांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "पोरीला शिवण येतं." सासरच्यांनी माना डोलावल्या. बैठकीने मानलं म्हटल्यावर मीही मानलं.

माहेर सावद्याजवळचं, सासरही त्याच बाजूचं, दोन्ही घरं केळीची. नवरा मात्र धुळ्याला कचेरीत कारकून, म्हणून मी धुळ्याला आले. स्वातंत्र्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील. माडीवर भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खाली घरमालकीण मावशी राहायची. तिच्याकडे पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं आणि त्या यंत्रापेक्षा जलद चालणारी जीभ होती.

गोष्ट सुरू होते सासूबाईंच्या डोळ्यापासून. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणे. गावाकडे अक्कांच्या नजरेला मोठा मान. केळीचा घड आज कापायचा की आणखी आठ दिवस झाडावर ठेवायचा, हे त्या फण्यांमधल्या केळ्यांच्या कडा बघून सांगायच्या. कडा धारदार असल्या तर थांबा, गोल भरत आल्या तर कापा. आबा, म्हणजे सासरे, बागेचे मालक खरे, पण विळा उचलण्याआधी ते अक्कांकडे बघत. मग अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन जळगावला झालं आणि पट्टी सुटते न सुटते तोच अक्का केळीच्या कापणीला बांधावर जाऊन बसल्या. ऊन, धूळ, वारा. डोळा सुजला, पिकला, गेला. आता एकच उरला होता, आणि त्याच्यातही पांढरं धुकं भरलं होतं. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा अक्कांना मी म्हणजे एक हलणारा धब्बा होते. त्या मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायच्या.

ह्यांनी ठरवलं, दुसरा डोळा धुळ्याला करायचा आणि बरा होईपर्यंत अक्कांना गावाकडे पाठवायचंच नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारे डॉक्टर दवाखान्यात ते ऑपरेशन करत. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून अक्कांना निजवलं. डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मी माझं काम केलं. आता घरी नेल्यावर खोलीत अंधार हवा. एकदम उजेड डोळ्यावर आला, डोळा चोळला गेला, की हाही जाईल. आधी अंधार, मग रोज थोडा थोडा उजेड. समजलं?"

"समजलं," आम्ही दोघं एकदम म्हणालो. मला त्यातलं एवढंच समजलं की आता आपल्या शिवणाचं नाव निघणार आहे.

त्याचं कारण असं. औषधाची चिठ्ठी आणायला मी एकदा डॉक्टरांच्या बंगल्यात गेले होते आणि दिवाणखान्याच्या दारात खिळून उभी राहिले होते. तिथल्या खिडकीला रुळावर गुंडाळलेला हिरवा पडदा होता. त्याला ते शेड म्हणत. डॉक्टरीणबाईंनी त्याची दोरी जराशी ओढून सोडली, तर तो पडदा आपला आपण फर्रकन वर पळाला! आत स्प्रिंग होती म्हणे. मी तर हात जोडायचीच बाकी होते. पण त्याहून जास्त मला भुलवलं ते वरच्या झालरीने. रूळ, स्प्रिंग, लोखंडाचे कान, सगळं झाकून टाकणारी चुण्याचुण्यांची, गुलाबी फुलांची झालर, खिडकीच्या कपाळावर महिरप काढल्यासारखी. आमच्याकडे दाराला तोरण असतं, बैलाच्या पाठीला झूल असते, पण खिडकीला कुणी कधी नटवलं नव्हतं. त्या रात्री मी ह्यांना झालरीचं वर्णन इतक्या वेळा ऐकवलं की हे म्हणाले, "अगं, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या खिडकीशी?"

आता आयतीच संधी आली. ह्यांनी कुठल्याशा जुन्या बंगल्यातल्या सामानातून तसाच एक शेड मिळवला. मेणकापड एका कोपऱ्यात कुरतडलेलं होतं, स्प्रिंग अधूनमधून रुसायची, पण शेड तो शेड. हे सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढले आणि त्यांनी तो खिडकीवर लावला. दार लावून घेतलं, शेड खाली ओढला. खाली छान काळोख झाला. पण वर रुळाच्या आणि भिंतीच्या मध्ये दोन बोटं फट राहिली होती, आणि त्या फटीतून आमच्या खानदेशातला उजेड आत आला. तो काय मागे सरणारा उजेड आहे? आढ्यावर पाटाएवढा पांढरा पट्टा पडला.

"हे झाकायला हवं," हे म्हणाले.

"झालर!" मी म्हणाले. इतक्या जोरात, की हे स्टुलावरून पडता पडता वाचले.

मी बाजारातून लाल फुलांची छींट आणली. खिडकीच्या रुंदीला माझ्या हाताने मापलं, तेवढंच कापड कापलं, काठ दुमडला, शिवलं आणि मोठ्या ऐटीत खाली मावशीला दाखवायला नेलं. मावशी धुळ्याकडची, तिची बोली अहिराणी. तिने कापड दोन्ही हातांत धरून उजेडात बघितलं.

"हाई काय शे व पोरी?"

"झालर आहे, मावशी. खिडकीची."

"झालर? माले वाटनं खिडकीना लंगोट शे." आणि ती अशी हसली की यंत्राचं चाक आपोआप फिरलं असावं. "आवं, चुण्या पाडाले दुप्पट कापड जोयजे. बरोबर मापनं लावशी तं बठ्ठी खिडकी नागडी दिसी."

मी पुन्हा बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "अजून एक खिडकी निघाली का, वहिनी?" मी दुप्पट कापड फाडायला सांगितलं.

दुप्पट कापडाची झालर केली. यंत्र मावशीचं, पाय तिचे, तोंड तिचं, माझं फक्त कापड धरणं. चुण्या मात्र सुरेख पडल्या. ह्यांनी खिडकीच्या वर फळी ठोकायला घेतली. भिंत मातीविटांची, वरून चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की गिलाव्याची पापडी निघायची आणि खिळा आत जाऊन झोपल्यासारखा लोळायचा. पहिल्यांदा फळी लावली ती झालरीसकट खाली आली, बरोबर ह्यांच्या डोक्यावर. चुन्याने पांढरे झालेले केस आणि कपाळावर लाल फुलांची झालर. मी हसू नये म्हणून पदर तोंडात कोंबला. हे गंभीरपणे म्हणाले, "आता मीच खिडकीत उभा राहतो. अक्का बऱ्या होईपर्यंत."

मग भिंतीत भोकं पाडून लाकडाच्या गुट्ट्या ठोकल्या, त्यांच्यात खिळे मारले आणि फळी बसली. झालर फळीच्या पुढून आणि दोन्ही बाजूंनी वळवून बारीक खिळ्यांनी ठोकली. दार लावलं. शेड ओढला. आणि खोलीत कुणीतरी आकाशकंदील लावावा तसा वरून लाल उजेड पाझरायला लागला. छींट पातळ. तिच्यातून ऊन गाळून येत होतं, एवढंच.

"छान दिसतंय," मी म्हणाले.

"छान दिसायला नको आहे," हे म्हणाले. "काहीच दिसायला नको आहे."

म्हणजे अस्तर हवं. जाड आणि काळंकुट्ट. आणि तसं कापड आमच्या घरात होतं, खाटेखाली गाठोड्यात दडवून ठेवलेलं. केळीची कापणी करणाऱ्या घरात जुनी धोतरं, जुनी लुगडी बाजूला ठेवतात, फक्त कापणीच्या दिवशी नेसायला. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. गळतो तेव्हा तो दिसतही नाही, पण वाळला की कापडावर काळपट तपकिरी डाग उठतो आणि तो डाग कापड फाटेपर्यंत राहतो. साबण, सोडा, रीठा, सगळं करून बघा. अशी पाच-दहा वर्षं चीक प्यायलेली आबांची धोतरं अक्कांनी येताना सामान बांधायला वापरली होती. धुळ्याच्या शेजारणींनी ती पाहू नयेत म्हणून मी खाटेखाली कोंबली होती. शहरात राहणारी बाई मी! खिडकीला शेड असणारी!

पण त्यांच्याइतकं काळं आणि दाट दुसरं काही नव्हतं. धोतर दुहेरी केलं आणि झालरीच्या मागे लावलं. आता ऐका, मी शहाणीने काय केलं ते. दोन कापडं एकावर एक ठेवायची म्हटलं की आमच्याकडच्या बाईचा हात एकच गोष्ट जाणतो. गोधडी! या टोकापासून त्या टोकापर्यंत धावदोरा, मग त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा. मावशीच्या यंत्राखाली ते जाड कापड जाईना, तेव्हा मी हाताने बसले. साधी सुई चीक प्यायलेल्या कापडात शिरेना, तेव्हा कापसाची पोती शिवायची दाभण घेतली. चुण्या चेपून चेपून मी अख्ख्या झालरीला दाभणीने टाके घातले. मध्ये एका ठिकाणी ओळ वाकडी गेली, तिथलं उसवलं आणि तिथे दाभणीचं चांगलं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक राहिलं. भोकाकडे कोण बघतं? मी तर मागे सरकून माझ्या टाक्यांच्या सरळ ओळी बघत होते.

हे कचेरीला जायच्या घाईत होते. त्यांनी झालर पुन्हा फळीवर ठोकून दिली आणि ते निघून गेले. दुपारी एकटीच असताना मी दार लावलं, शेड ओढला आणि काळोखात मधोमध उभी राहिले.

आधी काहीच दिसेना. मला इतका आनंद झाला! मग डोळे काळोखाला सरावत गेले, तसतसे समोरच्या भिंतीवर एकेक ठिपके उमटायला लागले. आधी थोडे, मग ओळीच्या ओळी. दाभणीच्या प्रत्येक टाक्याशी एक ठिपका. माझी अख्खी गोधडी उजेडाच्या टाक्यांनी भिंतीवर शिवली गेली होती. भर दुपारी आमच्या माडीवरच्या खोलीत चांदणं पडलं होतं.

आणि त्या चांदण्याच्या मधोमध, उसवलेल्या भोकातून आलेला एक मोठा फिकट डाग होता. मी त्याच्याजवळ गेले. तो हलत होता. नीट बघितलं तर त्याच्यात घर होतं. समोरचं घर. त्याच्या गच्चीचा कठडा, कठड्यामागे आभाळ, पण आभाळ खाली आणि कठडा वर. आणि कठड्यापाशी समोरची बाई उभी होती, डोकं जमिनीकडे, पाय आढ्याकडे. ती वाकली, काहीतरी उचललं, झटकलं. पांढरं फडकं उलटं फडफडलं. सगळे रंग होते हो! तिच्या लुगड्याचा हिरवा रंगसुद्धा. माझ्या भिंतीवर, चुन्याच्या गिलाव्यावर, एक जिवंत बाई वटवाघळासारखी लोंबकळत आपलं धुणं वाळत घालत होती.

मी दार उघडून जिना उतरून धडाधड रस्त्यावर गेले आणि वर बघितलं. बाई सरळ उभी होती. पाय खाली, डोकं वर, नेहमीसारखी.

"काय दखी ऱ्हायनी व?" मावशीने ओट्यावरून विचारलं.

"ती समोरची बाई सरळ आहे की नाही ते बघते आहे."

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, मग हळूच म्हणाली, "पोरी, काही खादं का नही आज?"

खाल्लं नव्हतंच. स्वयंपाकही केला नव्हता. मी वर जाऊन पुन्हा दार लावून भिंतीसमोर बसले ती संध्याकाळी हे घरी येईपर्यंत. गच्चीवर कबुतरं उतरली, ती उलटी चालली. ढगाचा तुकडा आला, तो जमिनीजवळून सरकत गेला. एक पोक्त बाई येऊन काहीतरी बोलली, आवाज आला नाही, नुसते हात हलले. मला वाटलं, आपण कुणी नाही, नुसती भिंत आहोत आणि जग आपल्यावर येऊन बसतं आहे. देवळात इतकी गप्प मी कधी बसले नव्हते.

हे आले, चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. उजेड कलला होता तरी थोडं दिसत होतं. हे म्हणाले, "हो, हो. शाळेत शिकवलं होतं. बारीक भोकातून उजेड सरळ रेषेत येतो, म्हणून वरचं खाली आणि खालचं वर पडतं. मास्तरांनी फळ्यावर मेणबत्ती काढली होती." थोड्या वेळाने मान वाकडी करून, डोकं जवळजवळ जमिनीला लावून ते बघत होते. "पण मास्तरांनी हे सांगितलंच नाही," असं पुटपुटले. काय सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही.

आम्ही त्या रात्री गूळपोहे खाल्ले आणि ठरवलं, रविवारी झालर काढून भोकं बुजवायची. पण दवाखान्यात खाटांची अडचण झाली आणि रविवारच्या आधीच अक्कांना घरी न्यायला सांगितलं. टांग्यातून, अंगाखाली गादी घालून, टांगेवाल्याला "हळू, हळू" करत आम्ही त्यांना आणलं. डोळ्यांवर पट्टी तशीच होती. ती सोडायला डॉक्टर स्वतः घरी येणार होते. "डोक्याला हिसका नको, जवळ ठोकाठोक नको," एवढं त्यांनी बजावलं.

म्हणजे आता हातोडी बंद. आणि अक्कांच्या पायाकडच्या भिंतीवर माझं चांदणं झळझळत होतं.

कालपर्यंत जे बघून मी खुळावले होते, त्याच उजेडाची आता भीती वाटायला लागली. एकेक ठिपका म्हणजे एकेक सुई, आणि समोर तो एकच डोळा. मी शेडच्या खालच्या काठीला उशी लावली, दाराच्या फटीत पोतं दाबलं, आणि झालरीकडे बघत राहिले. ठोकल्याशिवाय तिच्यावर आणखी एक कापड कसं लावायचं?

"काय झालं व?" अक्कांनी खाटेवरून विचारलं. "बांगड्या वाजू रायल्या, पन काम काही होऊ नाही रायलं."

मी सांगितलं. छींट, धोतर, दाभण, सगळं. अक्का ऐकत होत्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसायची बंदी होती, म्हणून त्या ओठ आवळून हसत होत्या.

"गोधडी शिवली खिडकीले? का व माय, तिले थंडी वाजू रायली होती का?"

"अक्का, हसू नका. डोळा!"

"मंग तू हसवू नको." जरा दम घेऊन म्हणाल्या, "ते दुसरं धोतर आहे ना गाठोड्यात? ते वरून सोड. शिवू नको, नुसतं पदरासारखं लोंबू दे. आन् बाभयीचे काटे आन. काट्याले हातोडी लागते का?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे लहानपणापासून पत्रावळ बाभळीच्या काट्यांनी टाचलेली, पोत्याचं तोंड बाभळीच्या काट्यांनी मिटलेलं, आणि शहरात येऊन वर्ष झालं नाही तर मी काटा विसरले होते. हे सायकलवर नदीकडे गेले आणि रुमालभर पांढरे लांब काटे घेऊन आले. बोटं रक्ताळली होती. मी स्टुलावर चढले आणि आवाज न करता एकेक काटा कापडातून फळीवर झालरीच्या दुमडीत टोचत गेले. धोतर झालरीमागे सुटं लोंबायला लागलं, त्याला एकही टाका नव्हता. जसजशी मी डावीकडून उजवीकडे गेले, तसतसं भिंतीवरचं चांदणं ओळीने विझत गेलं.

मध्यावर आले आणि माझा हात थांबला. उसवलेलं भोक. मान वळवून बघितलं, तर समोरची बाई नेमकी गच्चीवर आली होती.

"काय पाहू रायली?" अक्का म्हणाल्या. त्यांना हे कसं कळायचं कोण जाणे. कापडाचा आवाज थांबला म्हणून असेल.

मी सांगितलं. भिंतीवर समोरची बाई उलटी चालते आहे.

"उलटी?"

"उलटी."

"आन् तिचं लुगडं खाली पडत नाही?"

"नाही ना, अक्का. वरच राहतं."

"हे तर मले पाहायचं आहे," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लहान पोरीसारखं काहीतरी आलं. मग लगेच त्या सावरल्या. "पन तू बंद कर. आधी डोया."

मी काटा टोचला. खोली गडद झाली, विहिरीच्या तळासारखी. त्या काळोखात मला अक्कांचा श्वास ऐकू येत होता, आणि मला पहिल्यांदाच कळलं की मी जी वस्तू शिवायला बसले होते ती ही होती. छींट नाही, चुण्या नाहीत. हा काळोख. तो एवढा पुरा आणि एवढा मऊ होता की मला हात लावून बघावासा वाटला.

पुढचे दिवस आम्ही त्यात वावरलो. मी चाचपडत अक्कांना पेज भरवायची, एकदा नाकाला भरवली. त्या म्हणाल्या, "तोंड खाली आहे व, का मी पन उलटी दिसू रायली?"

डॉक्टर आले ते एका दुपारी. चपला दाराबाहेर काढून, दार लावून घेऊन ते काळोखात थांबले. "शाबास," म्हणाले. "दवाखान्यात एवढा अंधार आम्हाला जमत नाही." त्यांच्या या वाक्यावर मी अजून जगते आहे. मग म्हणाले, "आता थोडा उजेड हवा. शेड नको उचलायला. अगदी थोडा."

मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हणजे ते जिथे असतील असं वाटत होतं तिकडे. हे घसा खाकरून म्हणाले, "एक भोक आहे, डॉक्टरसाहेब." आणि त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "भिंतीवरून परतून येणारा उजेड? तो चालेल. उलट चांगला."

मी स्टुलावर चढले आणि मधला एक काटा काढून धोतर बाजूला धरलं. वर उभी असल्याने मला भिंत नीट दिसत नव्हती, माझं तोंड खिडकीकडे होतं. मी मान वळवली तेव्हा डॉक्टर अक्कांच्या उशाशी बसून पट्टीचे वेढे सोडत होते. शेवटचा कापूस त्यांनी ओल्या बोळ्याने सोडवला. "हळू उघडा. डोळा मिचकावू नका. समोर बघा."

हे खाटेची कड धरून उभे होते.

"काही दिसतं का, अक्का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी खिशातून जाड काचेचं भिंग काढलं. "आता डोळ्यात स्वतःचं भिंग नाही. म्हणून हे धरतो. घाई नको." त्यांनी ते अक्कांच्या डोळ्यासमोर धरलं, जरा पुढे, जरा मागे.

बाहेर रस्त्यावर टांग्याची घंटा वाजून गेली.

"लाल," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. मीही थांबले. खोलीत लाल काही नव्हतं. झालरीची फुलं त्यांच्या डोक्यामागे होती, आणि तीही काळोखात. मी स्टुलावरूनच वाकून भिंतीकडे बघितलं. समोरच्या गच्चीच्या कठड्यावर त्या दिवशी लाल लुगडं वाळत घातलेलं होतं. आमच्या भिंतीवर ते कठड्यापासून वर, आढ्याच्या दिशेने चढलं होतं, आणि वाऱ्याने त्याचं टोक हलत होतं. मी ते त्या दिवशी आधी बघितलंच नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. त्या खोलीत पहिल्यांदा ते अक्कांनी बघितलं.

"लाल आहे आन् हालू रायलं," अक्का म्हणाल्या. "वर चाललं. वर कसं काय चाललं व ते? खाली आभाय... हे खाली आभाय आहे का?"

"हो," हे म्हणाले.

"आन् हे हिरवं आलं. बाई आहे. बाईच आहे ती! चालली. चालली पाह्य." अक्कांचं बोट अंथरुणावरून उठलं आणि भिंतीवरच्या त्या उलट्या बाईच्या मागे मागे सरकत गेलं, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाही न चुकता. डॉक्टर भिंग धरून तसेच वाकून बसले होते, पण ते आता अक्कांच्या डोळ्याकडे बघत नव्हते. तेही भिंतीकडे बघत होते. आम्ही चौघं भिंतीकडे बघत होतो. मला वाटतं, त्या वेळी दाराबाहेर कुणी हाक मारली असती तर आमच्यातल्या एकालाही ऐकू आली नसती.

बाई भिंतीवरून निघून गेली. लुगडं उरलं. वारा वाढला होता, त्याचं एक टोक कठड्यावरून सुटून जोरात फडफडत होतं, बिनआवाजाचं.

"गेली," अक्का म्हणाल्या. "अशी कशी गेली ही? दगड नाही ठेवला, काही नाही." मग माझ्या बांगड्यांच्या दिशेने, त्या आवाजात ज्याच्यापुढे आबासुद्धा विळा खाली ठेवत, "तिथं वर काय उभी रायली व? जाय, हाक मार तिले. सांग, तुहं लुगडं उडू रायलं म्हना."

"अक्का, मी उतरले तर काळोख होईल."

"मंग होऊ दे," अक्का म्हणाल्या. "माह्यं पाहून झालं. नवं लुगडं आहे ते, जाय लवकर."

मी धोतर सोडलं आणि धावले.